वेशीवरची माणसं

देवनहळ्ळीच्या किल्ल्याचा विषय निघाला की आधी टिपू सुलतानाचं नाव येतं, कारण त्याचा जन्म याच गावचा. मग १५०१ साल येतं. आवतीच्या गौड घराण्यातल्या मल्लभैरे गौडाने तेव्हा इथे मातीचा कोट घातला आणि पुढे हैदर-टिपूंच्या काळात त्याच कोटाला आजचं दगडी रूप मिळालं. १७४९ च्या वेढ्यात हैदर अली नावाचा स्वार पहिल्यांदा म्हैसूरच्या कारभाऱ्यांच्या नजरेत भरला. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने किल्ला घेतला. एवढं इथली शाळकरी मुलंही सांगतात. किल्ल्याच्या पश्चिम अंगाला राहणारे ताता (कानडीत आजोबा) मात्र सगळं ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, "नोडम्मा (बघ बाई), वेढे पडले ते चार-दोन वेळा. बाकीच्या सगळ्या रात्री गाव कुणी राखलं?"

उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. त्यांच्या आज्याने, आणि आज्याच्या आज्याने.

तातांचं घराणं तोटीचं. जुन्या म्हैसूर मुलखात गावगाड्याचे बारा आयगार असत. त्यांत तळवार आणि तोटी हे राखणीचे. १८१२ च्या इंग्रजांच्या पाचव्या अहवालात दक्षिणेतल्या गावांचं वर्णन आहे, त्यात या दोघांची कामं वेगवेगळी सांगितली आहेत. गुन्ह्याची बातमी काढणं आणि वाटसरूला एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप पोचवणं हे तळवाराचं काम. तोटीचं काम जास्त करून गावातलं: उभं पीक राखायचं, मापाच्या वेळी हजर राहायचं. मोबदल्यात खळ्यावर रागीचं ठरलेलं माप आणि कसायला इनामाचा एक तुकडा. आपल्याकडच्या बलुत्याचीच ही कानडी रीत.

ताता सांगतात ती एक गोष्ट मी अनेकदा मागून ऐकली आहे. सुगीच्या दिवसांत एका कुणब्याची बैलजोडी रात्रीतून गेली. आज्याने पहाटे गोठ्यापासून माग धरला. जोडीतला एक बैल मागचा पाय किंचित ओढत चाले, त्यामुळे मातीत त्याच्या खुराची रेघ उमटे. तेवढ्या खुणेवर आज्जा पुढच्या गावच्या शिवेपर्यंत गेला आणि तिथे थांबला. शीव ओलांडली नाही. तिथल्या तळवाराला बोलावून त्याला खूर दाखवला, त्याच्याकडून कबूल करून घेतलं, आणि माग त्याच्या हवाली केला. तिसऱ्या गावात बैल मिळाले. "आज्जा शिवेवर का थांबला?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तातांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. पुढच्या गावातली माणसं आज्जाला कुठे ठाऊक होती? तिथे त्याने कुणाचं दार ठोठावलं असतं तर लोकांनी त्यालाच चोर म्हणून बांधलं असतं.

मला ही गोष्ट ऐकताना माझी आजी आठवते. तिचं माहेर पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याचं, सासवडच्या बाजूचं. तिच्या लहानपणी त्यांच्या वाड्यावर रामोशी राखणीला असायचा. घरातली सगळी त्याला नाईक म्हणत, तीही आम्हाला सांगताना नाईक असंच म्हणायची. दिवेलागणीला नाईक यायचे, भाकरी घ्यायचे आणि ओसरीच्या टोकाला बसायचे. रात्री मधूनमधून मोठ्याने खाकरायचे. आत निजलेल्या बायकांना त्या खाकरण्याने कळायचं की राखण जागी आहे, आणि बाहेर कुणी दबा धरून असेल तर त्यालाही तेच कळायचं. आजी म्हणायची, नाईकांना प्रत्येक घरातल्या माणसाची चाल ठाऊक होती. अंधारात कोण येतंय ते तोंड दिसण्याआधी पावलांवरून सांगायचे. कुणाचा मुलगा रात्री उशिरा कुठून परततो हेही त्यांना माहीत असे, आणि ते त्यांनी कधी दुसऱ्या घरी सांगितलं नाही.

मागाचा नियम आमच्याकडेही तोच होता. पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने नव्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराबद्दल हेच सापडतं: गावातल्या प्रत्येक माणसाची त्याला माहिती असली पाहिजे, चोरी झाली तर चोराचा छडा लावायची जबाबदारी त्याची, आणि माग दुसऱ्या गावच्या हद्दीत पोचवला की ती जबाबदारी त्या गावाची. छडा लागलाच नाही तर गेलेल्या मालाची भरपाई त्याने आणि गावाने करायची. मला याचं फार आश्चर्य वाटतं, कारण हजारो मैलांवर इंग्लंडमध्ये पहिल्या एडवर्ड राजाने १२८५ साली विंचेस्टर इथे जो कायदा केला, त्यातही जवळजवळ हेच आहे. शहरांचे दरवाजे सूर्यास्ताला बंद, रहिवाशांनी आळीपाळीने रात्रीचा पहारा करायचा, अनोळखी माणसाला सकाळपर्यंत थांबवायचं, चोर दिसला की आरोळी देऊन सगळ्यांनी मागे लागायचं, आणि गुन्हेगार सापडला नाही तर त्या टापूने भरपाई द्यायची. एकमेकांचं नाव न ऐकलेल्या माणसांनी एकाच तोडग्यावर यावं याचं कारण साधं असणार. सरकारचा शिपाई कुठल्याही काळात लांबच असतो. जवळ असतो तो शेजारी.

पण आपल्याकडच्या या व्यवस्थेला एक मोठी जखम होती, आणि ती झाकून तिचं कौतुक करणं मला जमत नाही. गावाची वेस राखणारा वेसकर महार गावाच्या वेशीबाहेर राही. रात्रभर जागून त्याने ज्यांची घरं राखली, त्या घरांच्या उंबऱ्याला शिवायची त्याला परवानगी नव्हती. देवनहळ्ळीत तोटीचं घर किल्ल्याच्या भिंतीबाहेर होतं. ताता हे सांगताना आवाज चढवत नाहीत. फक्त हाताने दाखवतात, भिंत तिकडे आणि आम्ही इकडे. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं ते याच कारणाने. वतनाच्या नावाखाली चोवीस तासांची वेठ आणि मूठभर धान्य, हा सौदा त्यांना माणसाला बांधून ठेवणारा दिसत होता. वतनं खालसा व्हायला १९५९ साल उजाडलं.

रामोशांचं तर आणखी विपरीत झालं. पुरंदरच्या गडाची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होती. १८१८ नंतर इंग्रजी अंमलात गड राखायची गरज संपली, तैनाती गेल्या, आणि भिवडीच्या उमाजी नाईकांनी बंड उभारलं. ३ फेब्रुवारी १८३२ ला त्यांना पुण्यात फाशी दिलं. पुढे राखण करणाऱ्या जातीच सरकारदरबारी चोर ठरल्या. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये सगळ्या देशाला लागू झाला. हजेऱ्या सुरू झाल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. माणूस जन्मला की पोलिसांच्या वहीत त्याचं नाव. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी महाराष्ट्राच्या चौदा विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आजही आहेत. आजीच्या नाईकांच्या धाकट्या भावाला शेजारच्या गावी पाहुणा म्हणून जायचं तरी पाटलाची चिठ्ठी लागे. ज्याच्या खाकरण्यावर वाडा निश्चिंत झोपायचा, त्याच्याच घरातल्या माणसाला रात्रीची हजेरी द्यावी लागे. आजी एवढं सांगून गप्प व्हायची.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही राज्यांनी जुनी वतनदारी मोडली, आणि ते योग्यच झालं. म्हैसूर राज्यात गावकामगारांची वंशपरंपरागत पदं १ फेब्रुवारी १९६३ पासून बंद झाली. शानभोग गेले, पटेल गेले, तळवार आणि तोटीही गेले. महाराष्ट्रात त्याच सुमारास मुलकी पाटील गेले आणि १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील हे नेमणुकीचं पद आलं. राखणीची गरज मात्र होतीच. म्हणून म्हैसूर राज्याने १९६४ मध्ये ग्रामरक्षक दलांचा कायदा केला: जन्माने ठरलेला तोटी जाऊन त्याच्या जागी स्वेच्छेने आलेले गावकरी आणि त्यांचा दळपती. महाराष्ट्रात ग्रामसुरक्षा दलं मुंबई पोलीस कायद्याच्या आधाराने उभी राहिली. राखण जातीच्या खांद्यावरून उतरून पहिल्यांदा सगळ्यांच्या खांद्यावर आली, निदान कागदावर तरी. मला हा बदल आपल्या गावांच्या इतिहासातला फार मोठा बदल वाटतो आणि त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही याचं वाईट वाटतं.

माझे आजोबा अशा दलात होते. त्यांच्या तोंडून ऐकलेला काळ बहात्तरच्या दुष्काळाचा. विहिरी आटलेल्या, जनावरं छावणीत, माणसं खडी फोडायच्या कामावर. भुकेच्या वर्षी चोऱ्या होतात त्याही भुकेच्याच. कडब्याची गंज रात्रीतून अर्धी व्हायची, कणगीतलं धान्य जायचं, दावणीचं शेरडू जायचं. आजोबा आणि चार-पाच जण कंदील-काठी घेऊन रात्री फिरायचे. चावडीपासून निघायचं, मारुतीच्या देवळाला वळसा, मग ओढ्याकडच्या वस्त्या. हुश्शार म्हणून हाळी द्यायची, आणि वस्तीवरून उलट हाळी आली की पुढे सरकायचं. उलट हाळी आली नाही तर दारात जाऊन नाव घेऊन बोलवायचं. एका रात्री अशी हाळी आली नाही म्हणून गेले, तर म्हातारी तापाने फणफणलेली सापडली. चोर धरल्याच्या गोष्टी आजोबांकडे फारशा नव्हत्या, अशाच होत्या. कुणाचा गोठा पुरता पेटायच्या आधी विझवला, कुणाला विंचू चावला म्हणून खांद्यावर घालून नेलं.

दुसरी एक गोष्ट ते आवर्जून सांगत. गावाबाहेरच्या माळावर पालं पडली की आजोबा पहिल्याच संध्याकाळी तिकडे जाऊन बसत. कुठून आलात, किती दिवस राहणार, पाण्याला कुठे जाता, अशी चौकशी करत आणि पालातल्या कर्त्या माणसाला दुसऱ्या दिवशी चावडीवर आणून सगळ्यांना दाखवत. गावातले काही जण कुरकुरायचे की भटक्यांना डोक्यावर बसवतो. आजोबांचं म्हणणं असं की उद्या गावात चोरी झाली की लोक सगळ्यात आधी त्या पालांवर धावून जाणार, आणि तेव्हा मध्ये उभं राहायला त्यांना ओळखणारा कुणीतरी हवा.

आजी यावर हसून म्हणायची की पुरुषांची गस्त मध्यरात्रीपर्यंत, खरी राखण त्यानंतरची. पहाटे तीन-साडेतीनला बायका जात्यावर बसायच्या. ज्या आळीत जातं घरघरायला लागलं त्या आळीत चोर पाऊल घालत नसे. मग पाण्याला जाणं, सडा, शेणघाण. अंधार असेपर्यंत रस्त्यावर बायकांचीच वर्दळ. कुठल्या दारात आज रांगोळी नाही, कुणाचं जनावर मोकळं सुटलंय, हे त्यांना चालता चालता दिसायचं. गिरणी आली तेव्हा बायकांची कंबर सुटली याचा आजीला आनंद होता. पण पहाटेचे ते दोन तास राखणीविना राहिले, हेही तिनेच मला सांगितलं.

देवनहळ्ळीला आम्ही आलो ते विमानतळ झाल्यानंतर. २००८ च्या मे महिन्यात इथून पहिली विमानं उडाली आणि द्राक्षं, रेशीम, गुलाब आणि चकोत्याच्या (पपनसाच्या) बागांचं हे गाव बघता बघता बदललं. बेंगळुरूहून बल्लारी रस्त्याने येताना दोन्ही बाजूंना लेआउट दिसतात: आखलेले प्लॉट, निम्म्यांवर घरं, निम्म्यांवर गवत. निम्म्या घरांतले लोक दिवसभर शहरात, काहींचे मालक परदेशात. चकोत्याची चार झाडं अजून दारात असलेले जुने शेतकरी, तेलंगण-ओडिशा-बिहारहून आलेले बांधकाम मजूर, माझ्यासारखी नोकरीपाठोपाठ आलेली मराठी घरं, सगळे एका रस्त्यावर आणि कुणाला कुणाचं नाव माहीत नाही. चोऱ्याही तशाच. बंद घराचं कुलूप, बोअरवेलची तांब्याची केबल, बांधकामावरच्या सळया, सकाळी फिरायला निघालेल्या बाईच्या गळ्यातली साखळी.

आमच्या लेआउटमधला राखणीचा गट सुरू झाला तो अशाच एका केबलच्या चोरीनंतर. पहिल्या बैठकीत सगळ्यांना कॅमेरे हवे होते. ते बसले, आणि त्यांचा उपयोगही झाला. पण गटाने हळूहळू जे केलं ते बरंच साधं आहे. गावाला जाताना दोन शेजाऱ्यांना सांगायचं, वर्तमानपत्र-दूध त्यांनी उचलायचं, संध्याकाळी त्यांनीच दिवा लावायचा. रात्री दोघा-दोघांनी एक फेरी मारायची. हातात काठी नाही, अंगात चकाकणारं जाकीट आणि बॅटरी. संशय आला तर ११२ ला फोन करायचा आणि लांबून लक्ष ठेवायचं. कुणाला धरायचं नाही, झडती घ्यायची नाही. बीटच्या पोलिसाला महिन्यातून एकदा चहाला बोलवायचं, म्हणजे तो आम्हाला ओळखतो आणि आम्ही त्याला. बंद दिवे, मोडकं कुंपण, गवत वाढलेले प्लॉट यांची यादी करायची आणि पाठपुरावा करायचा. ही शेवटची गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी आणि मला वाटतं सगळ्यात उपयोगाची.

अशा गटांनी चोऱ्या खरंच कमी होतात का, याचा अभ्यास झालेला आहे. बेनेट, होलोवे आणि फॅरिंग्टन या तिघांनी २००८ मध्ये जगभरातल्या, मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतल्या, अशा प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र पडताळले. हिशेबाची रीत कुठली घ्यावी त्याप्रमाणे गुन्ह्यांत १६ ते २६ टक्के घट दिसते, असं त्यांचं म्हणणं. सगळीकडे मात्र सारखा गुण आला नव्हता. त्याच्याही आधी, १९९७ मध्ये, रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांना विचारून पाहिलं होतं. जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास होता आणि कुणाचं पोर वावगं वागताना दिसलं तर मध्ये पडायची तयारी होती, तिथे गरिबी असूनही हिंसा कमी होती. आजीने शिकागोचं नाव ऐकलं नव्हतं, पण जात्याच्या घरघरीबद्दल ती हेच सांगत होती.

ताता आमच्या गटात आले ते २०१८ च्या मे महिन्यात. त्या महिन्यात बेंगळुरूभर मोबाइलवर एक निरोप फिरत होता की मुलं पळवणारी टोळी आली आहे. २३ मे ला शहरात चामराजपेठेत राजस्थानहून कामाला आलेल्या एका तरुणाला जमावाने मारून टाकलं. आमच्या गटातही तो निरोप आलाच. तातांना त्यावरून नव्वदच्या दशकातली नाळे बा आठवली. तेव्हा या भागात आवई उठली होती की रात्री एक बाई घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडणारा जगत नाही. म्हणून लोकांनी दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे उद्या ये, असं लिहून ठेवलं होतं. ताता म्हणाले, त्या वेळी भीतीने आम्ही दारं बंद केली. आता भीतीने पोरं दारं उघडून काठ्या घेऊन बाहेर पडतात.

त्याच दिवसांत एका रात्री आमच्या फाटकाजवळ पाठीवर पोतं घेतलेला एक माणूस फिरताना दिसला. बघता बघता पंधरा-वीस जण जमले. कुणी त्याचा फोटो काढून पुढे पाठवला. त्याला कानडी नीट येत नव्हतं, आणि घाबरून तो जे बोलत होता ते कुणालाच कळत नव्हतं. एकाने पोतं ओढलं. तेवढ्यात ताता गर्दीतून पुढे झाले, त्याचा हात धरला, त्याला पायरीवर बसवलं आणि विचारलं, "ऊटा आयता?" जेवलास का? हा प्रश्न त्याला कळला. त्याने मान हलवली आणि त्याच्या तोंडून शब्द आले ते मराठी: "सकाळपासून काय खाल्लं नाही." तो बिदर जिल्ह्यातल्या भालकीचा होता. भाऊ इथल्या बांधकामावर होता, फोन बंद पडला होता आणि बसने त्याला भलत्याच थांब्यावर उतरवलं होतं. पोत्यात ज्वारीचं पीठ, दोन लुगडी आणि भावाच्या मुलीसाठी बाहुली होती. मी त्याच्याशी बोलले, भावाच्या मुकादमाचा नंबर शोधला, तासाभरात भाऊ येऊन त्याला घेऊन गेला. गर्दी पांगली तरी ताता तिथेच बसून होते. त्यांचे हात थरथरत होते.

पुढे महिन्याभरात, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला पाच जण मारले गेले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. आठवड्याचा बाजार भरला होता. मुलं पळवणारे समजून लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार केलं. आणि १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे, टाळेबंदीत चोरांच्या अफवांनी रात्र-रात्र पहारा करणाऱ्या जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा पोलिसांदेखत जीव घेतला. ते लोकही आपल्या मते गाव राखतच होते. या दोन नावांचा उच्चार केल्याशिवाय कुठल्याही राखणदार गटाचं गुणगान करू नये असं मला वाटतं. आजोबांनी माळावरच्या पालांत जाऊन बसणं किती मोलाचं होतं, ते मला राईनपाड्याची बातमी वाचताना पुरतं समजलं. त्या बाजारात त्या पाच जणांना नावाने ओळखणारा एकही माणूस नव्हता.

म्हणून मी आमच्या गटाला पुन्हापुन्हा भिवंडीची गोष्ट सांगते. १९७० आणि १९८४ च्या दंग्यांनी ते यंत्रमागांचं गाव होरपळलं होतं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या, सुमारे सत्तर. प्रत्येक समितीत हिंदू आणि मुसलमान दोन्ही, पुढाऱ्यांपेक्षा साधे रहिवासी जास्त, आणि त्या भागाचा पोलीस. दंगल नसतानाही त्यांच्या बैठका होत. नळाचं भांडण, भाडेकरूचं भांडण, लाउडस्पीकर, पोरांची मारामारी, असलंच काहीतरी त्यात चाले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे नऊशे माणसं मेली. शेजारची भिवंडी शांत राहिली. मुंबईत पुढे १९९४ मध्ये सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीची चळवळ सुरू झाली. आधी शहर जळलं आणि मग समित्या आल्या. भिवंडीत समित्या आधी आल्या होत्या. नळाच्या भांडणावर चार वर्षं बोलत आलेली माणसं त्या डिसेंबरात एकमेकांच्या दारात उभी राहू शकली.

भिवंडीसारखं आमच्या गटातही सगळ्यांना घ्यावं का, यावरून मोठा वाद झाला. पलीकडच्या मजुरांच्या शेडमधले दोन जण गटात घ्यावेत असा प्रस्ताव होता. काहींचं म्हणणं, ज्यांच्यापासून राखण करायची त्यांनाच कसं घ्यायचं? तेव्हा ताता उठले. ते बैठकीत सहसा बोलत नाहीत. त्यांनी सांगितलं की हे लेआउट जिथे आहे त्यातला एक तुकडा त्यांच्या घराण्याच्या तोटी इनामातला. पद गेल्यावर जमीन सरकारने त्यांच्या वडिलांच्या नावे पुन्हा करून दिली होती. विमानतळाची हवा सुरू व्हायच्या आधी मुलीच्या लग्नासाठी ती विकली, मिळाला तो भाव कवडीचा. आता त्यांचा नातू याच लेआउटच्या फाटकावर एका एजन्सीकडून पहारेकरी आहे. बारा तासांची पाळी. "माझ्या आज्याला तुमच्या घरात येऊ दिलं नव्हतं," ताता म्हणाले, "माझ्या नातवाला निदान बैठकीत बसू द्या."

मजुरांच्या शेडमधले दोघे आले, त्यातला एक भालकीचाच. फाटकावरचे चारही पहारेकरी आता गटात आहेत आणि बैठक त्यांच्या पाळीच्या बदलीच्या वेळेला धरून होते. पहिल्याच बैठकीत तातांच्या नातवाने जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं: तळ्याकडच्या पायवाटेवरचा दिवा कायम बंद असतो, शेडमधल्या बायका पहाटे तिकडूनच पाण्याला जातात, आणि दुचाकीवरून येऊन साखळ्या ओढणारे तिथूनच निसटतात. अर्ज त्यानेच कानडीत लिहिला. सह्या गोळा करायला ताता आणि शेडमधली एक बाई मिळून घरोघर फिरले. आता पुढच्या बैठकीपुढे दोन विषय आहेत, त्या दिव्याचा पाठपुरावा आणि पहारेकऱ्यांची बारा तासांची पाळी आठवर कशी आणायची हा. दुसऱ्याला पैसे लागतील, आणि ते कुणी किती द्यायचे यावर बरंच भांडण होईल असं दिसतं आहे.